केबल काढलेली गाडी

१

काटा आपणहून कधी सुस्त होत नाही, त्याला कुणीतरी सुस्त केलेलं असतं, असं हबीब मीटरवाल्याचं ठाम मत होतं आणि ते तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा. कुणी मीटरमध्ये खोबरेल सोडतो, कुणी पेट्रोलने धुतो. आठ दिवसांत त्या तेलाचा गोंद होतो, आणि मग काटा गाडीच्या मागून येतो, पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखा.

जळगावच्या जुन्या भागात सहा बाय आठच्या दुकानात त्याने पस्तीस वर्षं हेच काम केलं. आता नव्या गाड्यांना मीटर नसतो, टीव्ही असतो. तरी जुन्या गाड्यांचे शौकीन वाढले होते, आणि काट्याचं मीटर उघडून परत जिवंत करणारा माणूस भुसावळपासून धुळ्यापर्यंत दुसरा उरला नव्हता.

तो पक्का कारागीर होता. दुसरी गोष्टही तितकीच पक्की होती, आणि ती सगळ्या बाजाराला ठाऊक असून बाजार बोलत नव्हता. सत्तर हजार किलोमीटर चाललेली गाडी हबीबच्या टेबलावरून एकवीस हजारांची होऊन उतरायची. विकणारा हसायचा, घेणारा पेढे वाटायचा. फसवणूक झाली असं कुणालाच वाटायचं नाही, कारण सगळेच एकमेकांना फसवत होते.

मे महिन्यातल्या त्या गुरुवारी सकाळी नऊला असोद्याचा हेमराज आला. केळीचा बागायतदार, पस्तिशीचा, जुनी गाडी घेऊन चकाचक करण्याचं नवं वेड लागलेला. राजदूतचं मीटर त्याने गमछ्यात बांधून आणलं होतं.

"चाचा, हा काटा म्हंजे तहसीलातला बाबू," तो म्हणाला. "गाडी पुढे निंघून गेली का मंग हा उठतो."

"आणि थांबल्यावर?"

"थांबल्यावर त अजून गंमत. मी गाडी स्टँडवर लावली, घरात जाऊन पानी पेलो, बाहीर आलो, तरी काटा पयतोच."

"पळतोच? किती वेळ?"

"आता घड्याय लावून कोन पाह्यते चाचा? आन आकडा पाहा. पंधरा दिवस गाडी फिरवू राह्यलो, आकडा जागचा हालत नाही."

हबीबने चष्मा वर केला आणि आकडा वाचला. २१,३०४.

असे आकडे त्याने हजारो बघितले होते आणि शेकडो स्वतः लावले होते. तरी मीटर टेबलावर ठेवताना त्याला उगाच वाटलं की हा आकडा आपल्याला ओळखतो आहे.

"कुठून घेतली गाडी?"

"पारोळ्याच्या झुलाल भंगारवाल्याकडून. काऊन?"

"काही नाही. अकरानंतर फोन कर," हबीब म्हणाला.

२

काचेभोवतीची कडी त्याने पातळ स्क्रू-ड्रायव्हरने हळूहळू उठवली. काटा काढला, तबकडी सोडवली. आतली ॲल्युमिनियमची वाटी, तिच्याखालचं चुंबक, केसासारखी बारीक स्प्रिंग. सगळं जागेवर होतं आणि सगळ्यावर गाळ होता.

रस्त्याची धूळ त्याने खूप बघितली होती. ती भुरकट असते. हा गाळ काळा, मऊ, मैद्यासारखा बारीक होता. उन्हाळ्यात विहिरी उपसतात तेव्हा तळातून जो निघतो, तसा. कडी तर घट्ट होती, कुणी उघडल्याची खूण नव्हती. मग हा आत गेला कसा? पाण्यात राहिला तर जाईल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पाणी कुठूनही जातं.

मग त्याने तबकडी उलटी केली.

मीटर दुरुस्त करणाऱ्यांची एक सवय असते. काम झालं की तबकडीच्या पाठीवर टोच्याने आपली खूण, तारीख आणि आकडा कोरून ठेवायचा, म्हणजे पुन्हा तेच मीटर आलं तर गिऱ्हाईक खोटं बोलू शकत नाही. हबीबची खूण एक टिंब आणि त्याच्याभोवती अर्धं वर्तुळ अशी होती. ती तिथे होती. खाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख होती. त्याखाली दोन आकडे: आधीचा ६८,९५०, नंतरचा २१,३०४.

बाहेर शेजारच्या कुंदनच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळल्याचा आवाज चालू होता. हबीबने उठून अर्धं शटर खाली ओढलं. ऊन लागतंय म्हणून, असं तो कुंदनला म्हणाला. कुंदनने काही विचारलं नव्हतं.

३

नऊ वर्षांपूर्वी त्याने ही राजदूत धुळ्यात एका माणसाकडून जळगावच्या एका बड्या गिऱ्हाइकासाठी ठरवली होती. आदल्या दिवशी स्वतः जाऊन आकडा मागे केला, आणि पुढच्या चाकातून मीटरची केबल काढून टाकली. हा धंद्यातला रिवाज. आकडा एकदा लावला की गाडी गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत तो हलू द्यायचा नाही. गाडी चालते, पण चालल्याची नोंद होत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी आणायला त्याने धाकट्या भावाला, अतिकला, धुळ्याला पाठवलं. निघताना अतिक हसत म्हणाला होता, "म्हणजे नव्वद किलोमीटर मी चाललो, हे कुणालाच कळणार नाही."

"कुणाला कळून काय करायचंय?" हबीब म्हणाला होता.

अतिक सकाळी अकराला धुळ्याहून निघाला. मोबाइल घरी चार्जिंगला विसरला होता. तो जळगावला पोचला नाही. गाडीही पोचली नाही.

चौकशीला जमादार आला तेव्हा हबीबने विचार केला तो अर्ध्या मिनिटाचा. धुळ्याचं नाव घेतलं तर गाडी निघणार, गाडी निघाली तर मीटर निघणार, मीटर निघालं तर सव्वीस वर्षांचं दुकान निघणार. तो म्हणाला, "मी त्याला कुठेच पाठवलं नव्हतं. नरडाण्याच्या एमआयडीसीत काम बघतो म्हणत होता." गाडी विकणाराही गप्प राहिला, त्यालाही आपलं नाव नको होतं. एका आकड्याची लाज झाकायला दोघांनी मिळून एक माणूस झाकला. शोध नरडाण्याला झाला, जिथे अतिकने पाऊल टाकलं नव्हतं, आणि अर्थातच तिथे काही सापडलं नाही.

सापडलं नाही तरी अतिकची बायको रईसा अजून शोधत होती. शिलाईकाम करून ती पोट भरायची, आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी डबा घेऊन पॅसेंजरने नरडाण्याला जायची. पाळी सुटते तेव्हा कारखान्यांच्या गेटवर फोटो घेऊन उभी राहायची. नऊ वर्षं. हबीब तिला तिकिटाला पैसे द्यायचा आणि मोहल्ला म्हणायचा, जेठ असावा तर असा.

आता त्या राजदूतचं मीटर त्याच्या हातात होतं. कोणी पाठवलं? पोलिसांनी सापळा लावला? की हेमराज कुणाचा माणूस आहे?

संशय डोक्यात आणि काम हातात, असं पस्तीस वर्षांत पहिल्यांदा झालं. तरी हात चुकले नाहीत. गाळ ब्रशने काढला, टोकांना घड्याळाच्या तेलाचा एक-एक थेंब दिला, काटा बसवला. केबलचा तुकडा ड्रिलला लावून मीटर फिरवलं. काटा थेट साठावर गेला, ड्रिल बंद करताच शून्यावर आला. काम चोख झालं होतं. त्याने ड्रिल सोडवून बाजूला ठेवलं.

भिंतीवरचं घड्याळ अकराला टेकलं आणि काटा हलला.

४

आधी वीस. मग शून्य. मग तीस. गल्ली, चौक, पुन्हा गल्ली. हबीब बघत राहिला. मीटरला काहीच जोडलेलं नव्हतं.

तो शटरखालून वाकून ओरडला, "कुंदन, मोटार बंद कर तुझी."

"काय झालं चाचा?"

"चुंबक ओढतंय माझं. दोन मिनिटं बंद कर."

कुंदन हसला. "चाचा, लाइट जाऊन पाच मिनिटं झाली. मी हाताने गुंडाळतोय."

हबीब परत आला. काटा पंचावन्नवर होता, स्थिर, मोकळ्या रस्त्यावर असतो तसा. आणि आकड्याचं शेवटचं चक्र, जे पंधरा दिवस हेमराजच्या हातात हललं नव्हतं, ते सावकाश फिरत होतं. २१,३०९. २१,३१४. धुळ्यापुढचं फागणं गेलं असेल, हबीबच्या मनात आलं, आणि आपण हे मनात आणलं याचाच त्याला राग आला.

३२४ वर काटा शून्यावर उतरला. आठ मिनिटं तिथेच राहिला. मुकटीला चहा प्यायल्याशिवाय अतिक कधी पुढे गेला नव्हता.

हबीब स्टुलावर बसला. गाळ सुकताना स्प्रिंग ओढली जाते, तेल मुरताना वाटी सरकते. हे सगळं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. एखाद्या कारणाने काटा हलेल. पण आठ मिनिटं थांबून, चहा पिऊन, कोणतं तेल पुढे जातं?

पारोळ्याला काटा उतरला, गर्दीतून सुटला, पुन्हा चढला. साठ. सत्तर. उतारावर अतिक नेहमी एक्सलेटर सोडायचा. आज सोडला नाही. ऐंशी. जुन्या राजदूतला ऐंशी सोसत नाहीत. काटा थरथरत होता आणि खाली येत नव्हता. कुणी मागे लागल्याशिवाय माणूस भर बारा वाजता राजदूत ऐंशीने नेत नाही.

३५७ वर काटा एकदम तीसवर आला आणि खडखडू लागला, कच्च्या रस्त्यावर खडखडतो तसा. अर्धा किलोमीटर.

मग काटा शून्यावर पडला. ब्रेक लावल्यावर काटा उतरतो. हा उतरला नाही, पडला.

हबीबने दुपारचं जेवण केलं नाही. हेमराजचा फोन आला तेव्हा त्याने सरळ विचारलं, "मीटर तुला कुणी आणून दिलं?"

"कोन देईन? गाडीलेच होतं."

हबीबने त्याच्याकडून झुलालचा नंबर घेतला. पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला. हबीबने राजदूतचं नाव काढलं.

"भाऊ, मनाजोडे ती गाडी उनी तवय तिले मीटरच नव्हतं," झुलाल म्हणाला. "नुसतं भोक व्हतं."

"नीट आठवा, नाना."

"आठवानं काय शे? त्या भोकमाईन चिखल काढा मी, मना हातखाल."

"चिखल कुठला? गाडी आली कुठून?"

"ते माले नका इचारू भाऊ," झुलाल म्हणाला आणि फोन ठेवला.

दोघांपैकी एक खोटं बोलत होता. हबीबला तसं मनापासून हवं होतं, कारण दोघं खरं बोलत असतील तर त्यापुढे विचार करता येत नव्हता.

चार वाजता शेवटचं चक्र पुन्हा फिरू लागलं. काटा शून्यावरच होता. बिघाड, असं म्हणायला हबीब तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच्या हाताला कळलं. काट्याचं बूड किंचित धडधडत होतं. दोन-तीन किलोमीटरच्या वेगाला मीटरचा काटा उठत नाही, त्या वेगाला इंजिन गाडी चालवतच नाही.

कुणीतरी गाडी ढकलत आणत होतं.

५

शुक्रवारी दुकान नमाजनंतर उघडलं. ड्रॉवरमध्ये, फडक्याच्या चार घड्यांत ठेवलेलं मीटर ३७६ दाखवत होतं. हबीबने कागदावर हिशेब मांडला. धुळ्याच्या त्या घरापासून त्याच्या दुकानाच्या पायरीपर्यंत एक्याण्णव किलोमीटर. कच्च्या रस्त्याचा जाऊन-येऊन एक. म्हणजे ३९६. वीस उरले होते.

मोडून टाकावं, असं आलं मनात. हातोडी उचललीही. पण मीटर मोडलं तर चालणं थांबेल, की फक्त कळायचं थांबेल? पावलं वाजत असलेली बरी, असं त्याला वाटलं.

मग त्याने तेच केलं जे त्याला सगळ्यात चांगलं येत होतं. कडी उठवली, चक्रांचा दांडा सैल केला आणि टोच्याने एकेक चक्र मागे ढकललं. सहा, पाच, चार. जीभ दातात धरून, श्वास रोखून. २१,३०४. आकडे एका ओळीत, सुतासारखे सरळ. हबीबच्या हातचं काम कुणी पकडू शकत नसे. कडी दाबून बसवली, मीटर ड्रॉवरमध्ये ठेवलं, ड्रॉवरला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

घरी जाताना तो रईसाच्या दारावरून गेला. ती शिवणाच्या मशीनवर बसली होती.

"भाईजान, उद्या पहिला शनिवार," ती आतूनच म्हणाली. "माझं तिकीट आहे बरं का, पैसे नका देऊ या खेपेला."

"ऊन फार आहे. नको जाऊस या महिन्यात."

"पलीकडे नवीन कारखाना निघालाय म्हणतात. तिथलं गेट बघितलं नाही अजून." तिने दोरा दाताने तोडला. "शिवाय काल-परवापासून मन लागत नाही. कुणी येणार असलं की होतं ना, तसं होतंय."

हबीबने तिच्याकडे निरखून बघितलं. हिला काय माहीत आहे? हिनेच तर नाही ना पाठवलं ते मीटर? नऊ वर्षं ज्याच्याकडून पैसे घेतले, त्याच्यावर पाळत ठेवणारी बाई. पण रईसा मान खाली घालून कुणाच्या तरी मुलीचा सलवार-कुर्ता शिवत होती. माणसाने एकदा मोठं खोटं पचवलं की त्याला प्रत्येकाच्या ताटात तेच दिसतं.

६

शनिवारी सकाळी नऊला त्याने ड्रॉवर उघडला. कुलूप शाबूत होतं.

३९४.

मागे घेतलेले सगळे किलोमीटर भरून निघाले होते, वर रात्रभराचे अठरा. पण आकडे त्याने लावले तसे एका ओळीत नव्हते. प्रत्येक चक्र किंचित वाकडं बसलं होतं, अनाडी हाताने, अंगठ्याने फिरवल्यासारखं. प्रत्येक आकड्यावर काळ्या गाळाचा एकेक ठसा होता. काचेच्या आतून.

हबीबने शटर अर्धं ओढलं आणि पायरीकडे तोंड करून बसला. येऊ दे. आला तर काय म्हणायचं, ते तो जुळवू लागला. मी घाबरलो होतो. तू परत येशील असं वाटलं होतं. नऊ वर्षं मी तुझ्या बायकोला उपाशी ठेवलं नाही. हे शेवटचं त्याला बरं वाटलं, आणि मग तोंडात कडू झालं.

३९५. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. साडेअकराला कुंदन जेवायला घरी गेला.

त्यापलीकडच्या, किलोमीटरचे दहावे भाग मोजणाऱ्या लाल चक्रावर शून्य वर आलं. ३९६. पायरीवर कुणी नव्हतं. पण शटरखालच्या उन्हाच्या पट्ट्यातून काहीतरी सरकत गेल्यासारखं झालं, चाकाची सावली जाते तसं, आणि ओल्या विहिरीचा गार वास दुकानात शिरला आणि निघून गेला.

हबीबने डोळे मिटले होते. उघडले तेव्हा लाल चक्र अजून फिरत होतं. दोन. तीन.

तो थांबला नव्हता. दुकानावरून पुढे गेला होता.

नऊ वर्षांत हबीबला एकदाही सुचलं नव्हतं की अतिकला त्याच्याकडे यायचंच नसेल. दुकानापुढे एक किलोमीटर चारशे मीटरवर रईसाचं दार होतं.

त्याने मीटर रुमालात घेतलं आणि शटर तसंच टाकून स्कूटरला किक मारली. तिला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. ज्याला बोलायला नऊ वर्षं मिळाली, तो आता एका किलोमीटरसाठी शर्यत लावत होता. पण तो स्टेशन रोडने गेला, गल्लीतून गेला नाही. गल्लीत पुढे कोण चाललं असेल, हे त्याला बघायचं नव्हतं.

रईसा दाराला कडी लावत होती. काखेत पिशवी, पिशवीत डबा आणि फोटो.

"भाईजान? काय झालं? बसा, पाणी आणते." तिने कडी काढली.

तो तिच्या मागे उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला, दार अडवून. हातात मीटर होतं. ३९७, आणि लाल चक्रावर एक.

"रईसा, नरडाण्याला जाऊ नकोस."

"अहो, ऊन मला—"

"अतिक नरडाण्याला गेलाच नव्हता. मी त्याला धुळ्याला पाठवलं होतं. गाडी आणायला."

ती तांब्या हातात घेऊन उभी राहिली. आतला पंखा करकरत होता.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवसापासून माहीत आहे."

"त्याच दिवसापासून," ती म्हणाली.

"मीटर मागे केलेलं होतं. केबल मीच काढली होती. पोलीस विचारतील, दुकान जाईल, म्हणून मी नरडाण्याचं नाव घेतलं. तुला सांगायचं होतं. दर महिन्याला सांगायचं होतं."

"तुम्ही तिकिटाला पैसे देत होता," रईसा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती नुसती जोडून बघत होती, कापडाचे दोन तुकडे जोडून बघते तशी. "मी कुठे जाते ते माहीत असून."

लाल चक्रावर तीन सरकला आणि चार वर आला. काटा, जो तीन दिवस बुडाशी धडधडत होता, शून्यावर टेकला. लगेच, अजिबात उशीर न लावता.

हबीबच्या पाठीमागे, पायरीपाशी, गाडीचं स्टँड टेकल्याचा आवाज झाला. मग एका जागी पाणी ठिबकू लागलं.

त्याला मागे वळायचं नव्हतं. पण मीटर हातात होतं आणि मीटरला काच होती. काचेत त्याचा खांदा दिसला, आणि खांद्याच्या वर काळ्या गाळाने माखलेली हँडलची मूठ, तिच्यावरची चार बोटं.

रईसा त्याच्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या खांद्यावरून बाहेर बघत होती. तिने तांब्या जमिनीवर ठेवला आणि डोक्यावरची ओढणी नीट केली.

"भाईजान," ती हळू म्हणाली, "दारातून बाजूला व्हा."